गिळलेला कॅमेरा, हजारो छायाचित्रं आणि एआयची नजर: लहान आतड्यातला आजार कसा सापडतो?

कोंढवा असो, मोमीनपुरा असो, कॅम्प असो की येरवडा, 'अशक्तपणा आहे' ही तक्रार ज्या घरात ऐकू येत नाही असं घर पुण्यात शोधून सापडणार नाही. अम्मीला जिना चढताना धाप लागते. अब्बांचा चेहरा पांढरट दिसतो. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं असतं. मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात, खजूर आणि बीट खाणं वाढतं. दोन महिने बरं वाटतं आणि आकडा पुन्हा खाली येतो. डॉक्टर तोंडातून दुर्बीण टाकून पोट तपासतात, खालून दुर्बीण टाकून मोठं आतडं तपासतात. दोन्ही अहवाल 'नॉर्मल' येतात आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात.

पण खरा प्रश्न तसाच राहतो. रक्त जातंय कुठे?

या प्रश्नाचं उत्तर अनेकदा अशा जागी दडलेलं असतं, जिथे या दोन्ही दुर्बिणी पोहोचत नाहीत. ती जागा म्हणजे लहान आतडं. तिथे पोहोचण्यासाठी गोळीच्या आकाराचा कॅमेरा वापरतात आणि त्याने काढलेली हजारो छायाचित्रं तपासायला आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, मदतीला आली आहे. ही तपासणी नेमकी काय आहे, एआय त्यात काय करतं, काय करू शकत नाही आणि रुग्णाने काय विचारायला हवं, हे आपण या लेखात समजून घेऊ.

दोन दुर्बिणींच्या मधली जागा

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं आणि पोटात वेटोळी घालून बसलेलं असतं. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून या आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण मोठं आतडं पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. मधला सगळा भाग नजरेआड राहतो.

पचनमार्गातून होणाऱ्या रक्तस्रावांपैकी साधारण ५ ते १० टक्के रक्तस्राव या मधल्या भागातून होतात. कारणं वेगवेगळी असतात. वयस्कर माणसांत आतड्याच्या आतल्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून पाझरू लागतात. गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांच्या आतड्यात व्रण होतात. क्रोन्स नावाचा दाहाचा आजार असतो, आतड्याचा क्षय असतो, कधी गाठ असते. कधी तर आतड्याला चिकटून रक्त पिणारे अंकुशकृमी असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. यातल्या बहुतेकींच्या बाबतीत कारण आहार, मासिक पाळी किंवा बाळंतपण हे असतं, हे खरं. पण 'बायकांना अशक्तपणा असतोच' या एका वाक्यामुळे आतड्यातून होणारा रक्तस्राव वर्षानुवर्षं लपून राहू शकतो, हेही तितकंच खरं. पुरुषांत कोणत्याही वयात आणि महिलांत पाळी बंद झाल्यानंतर लोह कमी झाल्याने रक्तक्षय आढळला, तर पचनमार्ग तपासायलाच हवा, असं वैद्यकशास्त्र सांगतं.

गोळीएवढा कॅमेरा

इस्रायली अभियंता गॅव्हरिएल इद्दान आणि ब्रिटिश डॉक्टर पॉल स्वेन यांनी नव्वदच्या दशकात स्वतंत्रपणे एकाच कल्पनेवर काम सुरू केलं होतं. रुग्णाच्या शरीरात लांब नळी घालण्याऐवजी त्याने कॅमेराच गिळला तर? २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात या कॅप्सूलची माहिती प्रसिद्ध झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्या वापराला परवानगी दिली.

ही कॅप्सूल साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड असते. मोठ्या आकाराच्या व्हिटॅमिनच्या गोळीसारखी दिसते. तिच्यात छोटा कॅमेरा, उजेडासाठी एलईडी दिवे, बॅटरी आणि ट्रान्समीटर असतो. रुग्ण ती पाण्याबरोबर गिळतो. आतड्याच्या नेहमीच्या हालचालीने ती पुढे सरकत जाते आणि छायाचित्रं काढून बाहेर पाठवत राहते. पोटावर चिकटवलेले सेन्सर किंवा कमरेचा पट्टा ती छायाचित्रं पकडतो आणि रेकॉर्डरमध्ये साठवतो. भूल नाही, नळी नाही, दुखणं नाही. काम संपलं की कॅप्सूल एक-दोन दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. ती एकदाच वापरायची असते.

खरी अडचण छायाचित्रं काढल्यानंतर सुरू होते

साधा हिशेब करून पाहू. सुरुवातीच्या कॅप्सूल सेकंदाला दोन छायाचित्रं काढत आणि बॅटरी आठ तास चाले. म्हणजे एका रुग्णामागे ५७,६०० छायाचित्रं. आजच्या कॅप्सूलची बॅटरी बारा तासही टिकते आणि आतडं वेगाने सरकत असेल तेव्हा ती जास्त छायाचित्रं काढते.

ही छायाचित्रं डॉक्टर सिनेमासारखी पडद्यावर चालवून पाहतात. सेकंदाला पंधरा छायाचित्रं या वेगाने पाहिलं तरी ५७,६०० छायाचित्रांना ६४ मिनिटं लागतात. त्यात एखादा पाझरणारा ठिपका फक्त एक-दोन छायाचित्रांतच दिसलेला असू शकतो. तेवढ्यात डोळ्याची पापणी लवली, फोन वाजला, लक्ष ढळलं, की तो निसटला.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकामागून एक असे व्हिडिओ पाहणाऱ्यांची अचूकता पहिल्याच व्हिडिओनंतर घसरू लागल्याचं दिसलं. यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा नाही. माणसाचे डोळे आणि मेंदू थकतात, इतकंच.

एआय इथे नेमकं काय करतं?

घरात तांदूळ निवडतानाचं दृश्य आठवा. एक क्विंटल तांदूळ आणि त्यात पाच-सहा खडे. सगळा तांदूळ एकाच बाईने एका बैठकीत निवडायचा म्हटलं तर एखादा खडा राहणारच. पण आधी चाळणीने चाळून संशय येण्यासारखे दाणे बाजूला काढून दिले, तर तिचं काम सोपं होतं. एआय ही अशी चाळणी आहे.

ही चाळणी तयार कशी होते? तज्ज्ञ डॉक्टर हजारो छायाचित्रांवर खुणा करतात. हा व्रण, हे रक्त, ही गाठ, हा कृमी, हे निरोगी आतडं. संगणकाला ही छायाचित्रं पुन्हा पुन्हा दाखवली जातात. रंग, कडा, पोत यांचे नमुने तो हळूहळू ओळखू लागतो. सुरुवातीला चुकतो, प्रत्येक चुकीनंतर आतले आकडे थोडे बदलतो आणि सुधारत जातो. मग नवीन रुग्णाची छायाचित्रं आली की त्यांतली संशयास्पद वाटणारी काही शे छायाचित्रं निवडून तो डॉक्टरांसमोर ठेवतो.

यासाठी खुणा केलेली छायाचित्रं मोठ्या संख्येने लागतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'क्वासिर-कॅप्सूल' हा संग्रह सर्वांसाठी खुला केला. त्यात ११७ व्हिडिओ आणि खुणा केलेली ४७,२३८ छायाचित्रं आहेत. आपल्या देशातही हे काम सुरू आहे. २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कांचीपुरम आयआयआयटीडीएममध्ये झालेल्या संगणक-दृष्टी परिषदेत 'कॅप्सूल व्हिजन' ही स्पर्धा ठेवली होती. आतड्याची छायाचित्रं दहा गटांत ओळखायची होती. रक्तस्राव, व्रण, गाठी, निरोगी आतडं असे ते गट, आणि त्यांतला एक गट कृमींचाही होता.

आकडे काय सांगतात?

२०१९ मध्ये चीनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७७ वैद्यकीय केंद्रं, ६,९७० रुग्ण आणि ११ कोटींहून अधिक छायाचित्रं. पारंपरिक पद्धतीने एका रुग्णाची छायाचित्रं पाहायला सरासरी ९६.६ मिनिटं लागली, तर एआयच्या मदतीने ५.९ मिनिटं. दोष असलेले रुग्ण ओळखण्याचं प्रमाण पारंपरिक वाचनात ७४.५७ टक्के होतं, एआयच्या मदतीने ते ९९.८८ टक्क्यांवर गेलं.

हा दुसरा आकडा वाचून लगेच हुरळून जाऊ नये. या अभ्यासात डॉक्टर आणि यंत्र यांचं मत वेगळं पडलं, तिथे छायाचित्रं पुन्हा पाहून निर्णय घेतला गेला. पण दोघांच्याही नजरेतून जे निसटलं, ते मोजलं कसं जाणार? म्हणून ९९.८८ चा अर्थ 'जवळजवळ काहीच सुटत नाही' असा घेणं चूक ठरेल.

२०२४ मध्ये 'द लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये युरोपातल्या १४ केंद्रांचा अभ्यास आला. लहान आतड्यात रक्तस्रावाचा संशय असलेल्या १३३ रुग्णांची छायाचित्रं दोन्ही पद्धतींनी पाहिली गेली. नेहमीच्या पद्धतीने ६२.४ टक्के रुग्णांत रक्तस्रावाचं संभाव्य कारण सापडलं, तर एआयच्या मदतीने ७३.७ टक्के रुग्णांत. वेळ ३३.७ मिनिटांवरून ३.८ मिनिटांवर आला. त्याच सुमारास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लहान आतड्याच्या कॅप्सूलची छायाचित्रं वाचायला मदत करणाऱ्या एका एआय प्रणालीला परवानगी दिली.

दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे. एआयने निवडलेली छायाचित्रं शेवटी डॉक्टरांनीच पाहिली. यंत्राने एकट्याने निदान केलं, असं कुठेही नाही.

चाळणीच्याही मर्यादा असतात

चाळणीची भोकं कमी-जास्त झाली की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. एक तर चांगले दाणे बाजूला पडतात, नाही तर खडा खाली जातो. एआयचंही तसंच आहे. आतड्यातले बुडबुडे, पित्त, अन्नाचे कण याला ते व्रण किंवा रक्त समजू शकतं. आतडं नीट साफ नसेल तर माणसालाही दिसत नाही आणि यंत्रालाही. जो आजार शिकताना दाखवलाच नाही, तो ओळखणं यंत्राला जमेलच असं नाही.

आपल्यासाठी यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा क्षयाचा आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. क्षय म्हटलं की आपल्याला फुप्फुस आठवतं, पण तो आतड्यालाही होतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन आजार दिसायला अगदी जुळ्या भावंडांसारखे आहेत. दोन्हींत व्रण होतात, आतडं अरुंद होतं, पोट दुखतं, वजन घटतं, ताप येतो. दोन्ही आजार बहुतेक वेळा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ होतात.

उपचार मात्र उलट दिशेचे. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. क्षयाच्या रुग्णाला चुकून तीच दिली, तर क्षय शरीरभर पसरू शकतो आणि जीवावर बेतू शकतं. ज्या देशांत क्षय फारसा उरलेला नाही, तिथल्या छायाचित्रांवर शिकलेल्या यंत्राला व्रण दिसेल, पण तो कशाचा हे त्याने सांगावं अशी अपेक्षा ठेवणं धोक्याचं आहे. त्यासाठी आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, क्षयाच्या जंतूंच्या चाचण्या कराव्या लागतात. कॅप्सूल तुकडा काढू शकत नाही. तुकडा काढायचा किंवा रक्तस्राव थांबवायचा, तर फुग्याच्या साहाय्याने आत सरकणारी खास लांब दुर्बीण किंवा शस्त्रक्रिया लागते.

म्हणूनच भारतातल्या रुग्णांची छायाचित्रं, भारतातल्या तज्ज्ञांच्या खुणा आणि भारतात घेतलेली परीक्षा या तिन्ही गोष्टी गरजेच्या आहेत.

पुणे यात कुठे आहे?

पुण्याकडे या कामाच्या दोन्ही बाजू आहेत. एका बाजूला १८६७ पासून गोरगरिबांचा आधार असलेलं ससून, आणि दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातलं डॉ. अमोल बापये यांचं एंडोस्कोपीच्या प्रशिक्षणासाठी देशाबाहेरही ओळखलं जाणारं पचनविकार केंद्र. दुसऱ्या बाजूला १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था. १९९१ मध्ये याच संस्थेने 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. तिचा एआयसाठी उभारलेला 'परम सिद्धी-एआय' २०२० मध्ये जगातल्या ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर होता.

रुग्ण इथे आहेत, डॉक्टर इथे आहेत, संगणकाचं बळही इथे आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या जोडकामाकडे जरूर पाहावं. छायाचित्रांवर अचूक खुणा करणं, भारतीय आजारांचे नमुने गोळा करणं, यंत्राच्या चुका शोधणं ही कामं पुण्यात बसून करता येण्यासारखी आहेत.

नियमांचाही विचार झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाचं सॉफ्टवेअरही कायद्याने वैद्यकीय उपकरण मानलं जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मार्च २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. रुग्णाची संमती आणि माहितीची गुप्तता यावर त्यात भर आहे. संशोधनासाठी तुमची छायाचित्रं मागितली, तर ती कशासाठी वापरणार हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तपासणीआधी हे लक्षात ठेवा

पहिली गोष्ट, कॅप्सूल सगळ्यांसाठी नाही. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर ती तिथे अडकू शकते. हे प्रमाण एकूणात एक-दोन टक्के असलं, तरी क्रोन्सच्या रुग्णांत ते वाढतं. पोटात वारंवार कळा येत असतील, पोट फुगून उलट्या होत असतील किंवा आधी पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गरज पडल्यास ते आधी सीटी स्कॅन करतात किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात. पेसमेकर असेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर तेही सांगा.

लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण त्यांनी आतडं काळपट दिसतं. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधं मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कॅप्सूल शौचावाटे पडली याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. हा नियम विसरू नका.

आपल्या वाचकांच्या मनात आणखी काही प्रश्न येतील. कॅप्सूलमध्ये जिलेटीन असतं का? नाही. या कॅमेऱ्याचं आवरण प्लास्टिकचं असतं, ते पोटात विरघळत नाही. रमजानमध्ये ही तपासणी करता येईल का? तपासणीआधी दहा-बारा तास उपाशी राहावं लागतं, पण कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची असल्याने आणि पुढे काही तासांनी खाणं-पिणं सुरू करायचं असल्याने हे रोजा ठेवून होणारं काम नाही. घाई नसेल तर डॉक्टर ईदनंतरची तारीख देऊ शकतात. पण रक्त जात असेल, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरत असेल, तर थांबू नका. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनमध्येच (सूरह अल-बकरा, २:१८४-१८५) दिलेली आहे. शंका असेल तर आपल्या विश्वासातल्या आलिमांशी बोलून घ्या. पट्टा बांधलेला असताना फार वाकू नका, असं सांगितलं जातं. म्हणून त्या दिवशी नमाज खुर्चीवर बसून पढावी लागेल का, हेही आधीच विचारून ठेवा.

खर्चाचं काय?

कॅप्सूल एकदाच वापरायची असल्याने तपासणीचा खर्च हजारो रुपयांत जातो आणि तो सगळ्यांना झेपत नाही. त्यामुळे आधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या आजाराचे उपचार बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. यात लाजण्यासारखं काहीच नाही, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न

माझ्या रक्तक्षयाचं कारण सापडलं आहे का, की फक्त आकडा वाढवण्याचे उपचार चालू आहेत? दोन्ही दुर्बिणी नॉर्मल आल्या असतील, तर लहान आतडं तपासायची गरज आहे का? माझं आतडं अरुंद नाही, याची खात्री केली आहे का? आणि एआय वापरणार असाल, तर त्याने निवडलेली छायाचित्रं स्वतः पाहून अहवालावर सही कोणते डॉक्टर करणार आहेत?

शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नका. हजारो छायाचित्रांतून नेमकं छायाचित्र शोधून देणं एवढंच यंत्राचं काम आहे. त्याचा अर्थ लावण्याचं काम डॉक्टरांचं. आणि रक्त जातंय कुठे, हे कळेपर्यंत 'अशक्तपणाच आहे' यावर समाधान न मानण्याचं काम आपलं, घरच्यांचं आहे. घरात कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर या आठवड्यातच जुने सगळे अहवाल एका फाइलमध्ये लावा आणि पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्या.